वृत्त, पुरावा आणि दृष्टिकोन : पुण्याच्या राजकीय पत्रकारितेतील तीन प्रकरणे (१८८१–१८९७)

प्रस्तावना

वृत्तपत्र हे आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानले जाते. या साधनाचा उपयोग करताना विद्यार्थ्यांना एक सूचना हमखास दिली जाते : वृत्त वेगळे काढावे आणि मत वेगळे काढावे. सूचना योग्य आहे, परंतु ती अमलात आणू लागताच तिच्यातील अडचणी ध्यानात येतात. बातमीचा स्तंभ आणि अग्रलेखाचा स्तंभ यांच्यामध्ये छापखान्याने रेघ ओढलेली असते. तथ्य आणि दृष्टिकोन यांच्यामध्ये तशी रेघ कोणी ओढून ठेवलेली नसते. कोणती घटना सांगण्याजोगी आहे, तिला कोणते नाव द्यावे, कोणाची साक्ष ग्राह्य धरावी, या प्रत्येक टप्प्यावर दृष्टिकोन आधीच कामाला लागलेला असतो.

तरीही दोहोंत भेद नाही असे म्हणणे हा आळस ठरेल. एखादे पत्र अमुक व्यक्तीने लिहिले की लिहिले नाही, एखादी घटना घडली की घडली नाही, या प्रश्नांना होय किंवा नाही असेच उत्तर असते, मग ते मिळो वा न मिळो. प्रस्तुत लेखात पुण्याच्या राजकीय पत्रकारितेशी निगडित अशा तीन प्रकरणांचा विचार केला आहे. १८८२ चा कोल्हापूर खटला, १८९७ मधील गोपाळ कृष्ण गोखले यांची क्षमायाचना आणि त्याच वर्षीचा लोकमान्य टिळकांवरील पहिला राजद्रोहाचा खटला ही ती तीन प्रकरणे होत. पहिल्यात पुरावा खोटा निघाला, दुसऱ्यात पुरावा पुढे आला नाही आणि तिसऱ्यात वस्तुस्थितीविषयी फारसा वाद नसताना दृष्टिकोनालाच शिक्षा झाली. तिन्ही प्रकरणे स्वतंत्रपणे सुपरिचित आहेत. ती शेजारी ठेवून वाचली असता मात्र एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. तथ्याला पुरावा लागतो व दृष्टिकोनाला युक्तिवाद लागतो हे खरे. परंतु पुरावा गोळा करण्याची साधने कोणाच्या हाती आहेत?

तत्कालीन वृत्तपत्राची घडण

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हापासून मराठी वृत्तपत्राने ज्ञानप्रसार आणि लोकांची गाऱ्हाणी मांडणे अशी दुहेरी जबाबदारी अंगावर घेतली. ‘दर्पण’ इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत छापले जाई. राज्यकर्ता आणि प्रजा असे दोन्ही वाचक संपादकाच्या डोळ्यांसमोर होते. पुढे ‘केसरी’ने आपल्या प्रारंभीच्या निवेदनात वृत्तपत्रकर्त्याच्या लेखणीची तुलना रस्त्यावरील दिव्यांशी आणि पोलिसांच्या गस्तीशी केली. ही उपमा सूचक आहे. दिवा फक्त दाखवतो, गस्त घालणारा हटकतो. एकाच लेखणीकडून दोन्ही कामांची अपेक्षा होती.

बातमी मिळविण्याची साधने तुटपुंजी होती. इंग्रजी पत्रांतील तारांची भाषांतरे, गावोगावच्या हितचिंतकांची पत्रे, प्रवासी व वकील मंडळींकडून कळलेली हकीकत यांवर साप्ताहिकाचा अंक उभा राही. बाहेरगावचा ‘बातमीदार’ हा बहुधा शिक्षक, कारकून किंवा वकील असे. त्याला आपले नाव प्रसिद्ध होणे परवडत नसे, आणि संपादकाला त्याचे म्हणणे प्रत्यक्ष जाऊन तपासणे शक्य नसे. ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ हे आजचे पालुपद याच परंपरेतले आहे. फरक इतकाच, की आज तपासण्याची साधने असतानाही ते वापरले जाते.

दुसऱ्या बाजूला सरकारही वृत्तपत्रे वाचत होते, पण ती मूळ स्वरूपात क्वचितच. देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला तयार करीत आणि अधिकाऱ्यांचे ‘देशी मत’ त्या सारांशांवरून बनत असे. हे सारांश आज संशोधकांचे आवडते साधन आहे. ते सुटसुटीत आहेत, इंग्रजीत आहेत व अभिलेखागारात एकत्र सापडतात. परंतु त्यांत काय घ्यायचे हे सरकारच्या चिंतेने ठरविलेले असे. आक्षेपार्ह वाटलेला परिच्छेद तेवढा उचललेला आणि त्याच्या मागचा-पुढचा युक्तिवाद गाळलेला, असा मजकूर वाचून मराठी पत्रकारितेच्या एकंदर सुराविषयी अनुमान काढणे म्हणजे फिर्यादीचे टिपण वाचून निकाल देण्यासारखे आहे.

कोल्हापूर प्रकरण : खोटी पत्रे आणि खरी चिंता

‘मराठा’ व ‘केसरी’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाली. वर्ष पुरे होण्याच्या आतच ती कोल्हापूरच्या प्रश्नात गुंतली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेड लागल्याचे सरकारी अधिकारी सांगत होते. त्यांना मिळणारी वागणूक अमानुष आहे, किंबहुना त्या वागणुकीनेच त्यांना वेड लावले जात आहे, असा समज पुण्यात पसरला होता. संस्थानचे कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे हे या रोषाचे लक्ष्य ठरले. महाराजांविरुद्धच्या कारस्थानात बर्वे यांचा हात असल्याचे दर्शविणारी, त्यांच्याच म्हणून सांगितली गेलेली काही पत्रे पुण्यातील मंडळींच्या हाती आली. दोन्ही पत्रांनी बर्वे यांच्यावर उघड आरोप केले. बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तथापि खटला थांबला नाही. १७ जुलै १८८२ रोजी ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक टिळक यांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. काही दिवसांची सूट मिळून १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर रोजी, दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. विष्णुशास्त्री चिपळूणकर मार्चमध्येच निवर्तले होते. पत्रांचा आधारस्तंभ गेला आणि दोन्ही संपादक तुरुंगात, अशा अवस्थेत ही पत्रे टिकली हेच विशेष.

या प्रकरणाकडे सामान्यतः दोन तरुण देशभक्तांच्या पहिल्या कारावासाची कथा म्हणून पाहिले जाते. सुटकेनंतरच्या मिरवणुकीचे वर्णन चरित्रग्रंथांत सविस्तर येते. खोट्या पत्रांचा मुद्दा एका वाक्यात उरकला जातो. वस्तुतः वृत्तपत्रशास्त्राच्या दृष्टीने तोच मुद्दा महत्त्वाचा आहे. पत्रे खरी मानली गेली ती तपासून नव्हे. संपादकांच्या मनात आधीच तयार असलेल्या चित्राशी ती जुळली, एवढे पुरेसे ठरले. परकीय सत्ता, तिचा एतद्देशीय हस्तक आणि असहाय राजपुत्र या चित्रात जी एकच जागा रिकामी होती ती त्या पत्रांनी भरून काढली. बनावट पुरावा करणाऱ्याला नेहमी हेच ठाऊक असते. ग्राहकाला काय हवे आहे हे त्याला ग्राहकापेक्षा आधी कळलेले असते.

परंतु प्रकरण इथे संपत नाही. पत्रे खोटी ठरल्यामुळे महाराजांविषयीची चिंताही खोटी होती असे म्हणता येईल का? २५ डिसेंबर १८८३ रोजी, म्हणजे संपादकांच्या सुटकेनंतर चौदा महिन्यांनी, शिवाजी महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात मृत्यू झाला. त्यांच्यावर देखरेखीसाठी नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर हा मृत्यू ओढवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. महाराजांना मिळणारी वागणूक चौकशी करण्याजोगी आहे हे वृत्तपत्रांचे म्हणणे निराधार नव्हते, हे या घटनेने दाखविले. मात्र त्यामुळे बर्वे यांच्यावरील आरोप मागाहून खरा ठरत नाही. एका माणसावर त्याने न लिहिलेल्या पत्रांचे खापर फोडले गेले होते आणि न्यायालयाने दिलेला निर्णय त्या मुद्द्यापुरता रास्तच होता. मराठी चरित्रलेखनात ही दोन विधाने एकत्र उच्चारली जात नाहीत. एक उच्चारले की दुसरे रद्द होते असे गृहीत धरले जाते. दृष्टिकोन योग्य असणे आणि त्याच्या समर्थनार्थ दिलेले तथ्य खोटे असणे या दोन गोष्टी एकाच वेळी शक्य असतात. खोट्या तथ्याची खरी किंमत बहुधा योग्य दृष्टिकोनालाच मोजावी लागते. कारण एकदा पत्रे बनावट ठरल्यावर महाराजांच्या प्रकृतीविषयी विचारलेला साधा प्रश्नही ‘कटाचा भाग’ म्हणून बाजूस सारणे सोपे झाले.

प्लेगचे वर्ष : न मिळालेली साक्ष

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथ पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. पुण्यासाठी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या साहाय्याने घरांची झडती सुरू झाली. रोगी शोधून रुग्णालयात हलविणे, घरच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत पाठविणे, घर धुऊन काढणे आणि संशयित सामान जाळणे असा तो क्रम होता. झडत्या १९ मेपर्यंत चालल्या.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. टिळकांचा प्लेग प्रतिबंधाला तत्त्वतः विरोध नव्हता. हिंदू रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर ‘केसरी’ने टीका केली. तक्रार होती ती उपायांच्या अंमलबजावणीबद्दल. या तक्रारीत ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ ही एरवी एकमेकांवर तुटून पडणारी पत्रे एकाच सुरात बोलत होती. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून आपल्या संस्थेतील एका मुलीला प्लेगच्या व्यवस्थेत जे भोगावे लागले त्याकडे लक्ष वेधले. मुंबई सरकारने त्यांचे म्हणणे अमान्य केले. रमाबाईंना पुण्यातील सनातनी मंडळींविषयी ममत्व वाटण्याचे काहीच कारण नव्हते. तसे ते सनातन्यांनाही रमाबाईंविषयी नव्हते. परस्परांशी वैर असलेले तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, तर इतिहासकाराने कान टवकारावेत. ती गोष्ट सिद्ध झाली असे मात्र लगेच म्हणू नये. एकच अफवा तीन घरी पोहोचणेही शक्य असते.

गोखले या सुमारास भारतीय खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांची पत्रे त्यांना येत होती. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला मुलाखत दिली. ती २ जुलै १८९७ रोजी प्रसिद्ध झाली. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, हा तिच्यातील सर्वांत गंभीर आरोप होता. दहा दिवसांपूर्वी, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या होत्या. आयर्स्ट जागीच ठार झाले होते. मुलाखत प्रसिद्ध झाली त्या दिवशी रँड मृत्युशय्येवर होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला. वेळ याहून प्रतिकूल असूच शकत नव्हती.

पार्लमेंटात प्रश्न निघाले. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप हा द्वेषमूलक बनाव असल्याचे कळविले. गोखले ३० जुलै रोजी मुंबई बंदरात उतरले तेव्हा त्यांना पुरावा मिळण्याची वाट बंद झाली होती. तीन दिवसांपूर्वी टिळकांना अटक झाली होती. सैनिकांच्या वर्तनाबद्दल समितीकडे तक्रारी नेणाऱ्या नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले होते. अशा वेळी कोणता पत्रलेखक आपले नाव सांगण्यास तयार होणार? आणि कोणते घर आपल्या सुनेवर वा मुलीवर झालेला अत्याचार पोलीस अधिकाऱ्यापुढे शपथेवर सांगणार? गोखल्यांनी पत्रलेखकांची नावे उघड केली नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आरोप पूर्णपणे मागे घेऊन गव्हर्नर, प्लेग समिती आणि सैनिक यांची बिनशर्त क्षमा मागितली.

या क्षमेविषयी मराठी लेखनात दोन टोके दिसतात. एकाला ती भित्रेपणाची खूण वाटते, दुसऱ्याला सत्यनिष्ठेची. दोन्ही मते गोखल्यांच्या स्वभावाविषयी बोलतात, घटनेविषयी नाही. क्षमेचा अर्थ काटेकोरपणे घेतला तर तिने एवढेच सिद्ध होते, की गोखले आरोप सिद्ध करू शकत नव्हते. आरोपातील घटना घडली नाही, हे तिने सिद्ध होत नाही. सरकारने मात्र क्षमेचा अर्थ नेमका तसाच लावला आणि इंग्लंडमधील वाचकांनीही तो तसाच घेतला. पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा यांतील अंतर न्यायालयात पाळले जाते, राजकारणात क्वचितच पाळले जाते. तथापि गोखल्यांच्या बाजूनेही एक दोष राहतो. ऐकीव माहिती ही ऐकीव म्हणून न सांगता त्यांनी ती घडलेली घटना म्हणून सांगितली. ‘पुण्यातील माझ्या परिचितांनी असे लिहिले आहे, चौकशी व्हावी’ एवढेच ते म्हणाले असते तर विधान शेवटपर्यंत खरे राहिले असते.

समितीच्या अहवालाची भाषाही याच कसोटीला लावली पाहिजे. स्त्रीच्या विनयाचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची एकही विश्वसनीय तक्रार समितीकडे किंवा सैनिकांवरील अधिकाऱ्यांकडे आली नाही, याबद्दल अहवालात समाधान व्यक्त झाले आहे. वरवर पाहता हे निखळ तथ्य आहे. पण त्यातील ‘हेतुपुरस्सर’ आणि ‘विश्वसनीय’ ही दोन विशेषणे निर्णय देणारी आहेत आणि तो निर्णय ज्यांच्यावर आरोप होता त्यांनीच केलेला आहे. तक्रार ‘आली नाही’ हे विधान तर तक्रार घेणाऱ्याविषयी अधिक सांगते. सैनिकाने स्वयंपाकघरात वा देवघरात शिरणे, घरातील स्त्रीला परक्या पुरुषांसमोर बाहेर उभे करून तिची तपासणी करणे या गोष्टी समितीच्या लेखी ‘झडती’ होत्या, तर घरातल्या माणसांच्या लेखी तीच अप्रतिष्ठा होती. दोन्ही बाजू एकाच घटनेचे वर्णन करीत होत्या आणि दोघांनीही खोटे सांगितले नसण्याची पूर्ण शक्यता आहे. अत्याचाराचा आरोप हा तथ्याचा प्रश्न होता आणि तो अनिर्णित राहिला. अप्रतिष्ठेचा प्रश्न हा घटनेला नाव कोणी द्यायचे याचा होता; त्याला समितीच्या रकान्यांत जागाच नव्हती. गोखल्यांच्या क्षमेनंतर पहिल्या प्रश्नाबरोबर दुसराही मिटला असे मानण्यात आले, ही या प्रकरणातील खरी हानी होय.

डिसेंबर १८९७ मध्ये अमरावती येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन झाले. तेथे गोखल्यांनी व्यासपीठावरून ठराव मांडणे त्यांच्या सहकाऱ्यांनाही गैरसोयीचे वाटले. ‘मँचेस्टर गार्डियन’ची पुढची हकीकतही उद्बोधक आहे. १८७२ पासून त्या पत्राची सूत्रे सी. पी. स्कॉट यांच्याकडे होती. पत्राच्या शताब्दीनिमित्त त्यांनी १९२१ मध्ये लिहिलेला लेख पत्रकारितेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो. अभिप्राय व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य असावे, पण तथ्याचे पावित्र्य राखावे, असा त्याचा आशय आहे. पुण्यातील त्या स्त्रियांविषयीची बातमी याच पत्राने छापली होती आणि ती मागेही घेतलेली छापली होती. ज्यांच्याविषयी ती होती, त्यांचे म्हणणे दोन्ही वेळा त्यात नव्हते.

स्ट्रेची यांचा न्यायालयीन अर्थ : दृष्टिकोनाला शिक्षा

टिळकांवरील खटला ८ सप्टेंबर १८९७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे सुरू झाला. आरोपाचा आधार १५ जूनच्या ‘केसरी’तील मजकूर होता. त्यात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती आणि शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त होता. या उत्सवात प्रा. भानू यांनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिले होते आणि टिळकांनी त्यावर अध्यक्षीय भाषण केले होते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही, की या मजकुरातील वस्तुस्थितीवर कोणताही वाद नव्हता. उत्सव झाला होता, भाषणे झाली होती, ती छापली गेली होती. १६५९ मध्ये अफजलखान मारला गेला हेही कोणी नाकारीत नव्हते. वाद होता तो त्या घटनेकडे कसे पाहावे याबद्दल. निष्काम बुद्धीने व लोकहितासाठी केलेल्या कृत्याला सामान्य दंडसंहितेच्या मापाने मोजावे काय, हा भाषणाचा विषय होता. तो ऐतिहासिक होता तितकाच वर्तमानाला चिकटलेला होता. एका आठवड्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्याने तो अधिकच चिकटला. मजकूर आणि खून यांचा प्रत्यक्ष संबंध सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षाने घेतला नाही. तशी आवश्यकताही उरली नाही, कारण न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला कलम १२४-अ मधील मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ सरकारविषयी ‘प्रीतीचा अभाव’ असा समजावून सांगितला. १८७० मध्ये हे कलम दंडसंहितेत आले, तेव्हाच सरकारी उपायांविषयीची नापसंती आणि राजद्रोह यांत फरक करणारे स्पष्टीकरण त्याला जोडलेले होते. ‘प्रीतीचा अभाव’ या अर्थाने तो फरक पुसट झाला. सहा युरोपियन ज्यूरर टिळकांच्या विरुद्ध आणि तीन भारतीय ज्यूरर त्यांच्या बाजूने, असा कौल पडून टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

ज्यूरीची ही विभागणी केवळ पक्षपात म्हणून सोडून देणे पुरेसे नाही. नऊही जणांपुढे तोच पुरावा होता. परंतु सहा जणांपुढे तो भाषांतरातून आलेला होता. मराठीतील उपरोध, पुराणातील संदर्भ, उत्सवातल्या भाषणाचा चढा सूर यांचे वजन त्यांना भाषांतरकाराच्या तागडीनेच कळू शकत होते. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव करताना हाच मुद्दा पुढे आणला. आपले लेख नव्हे तर त्यांची विकृत भाषांतरे न्यायालयापुढे आहेत असे त्यांनी ज्यूरीला सांगितले. त्या वेळी कौल सात विरुद्ध दोन असा पडला.

१८९८ मध्ये कलमाची पुनर्रचना झाली. ‘द्वेष’ आणि ‘तुच्छता’ हे शब्द त्यात आले. द्वेष, तुच्छता वा अप्रीती न चेतविता केलेली सरकारी कृतींवरील टीका गुन्हा ठरणार नाही असे स्पष्टीकरणही आले. कागदावर ही टीकेला दिलेली मुभा होती. प्रत्यक्षात टीका कोठे संपते आणि अप्रीती कोठे सुरू होते हे ठरविण्याचा अधिकार टीका ज्याच्यावर झाली त्याच्याच न्यायव्यवस्थेकडे राहिला.

गोखले यांचा पुढील मार्ग

१८९७ च्या अनुभवाचा गोखल्यांच्या पुढील कार्यपद्धतीवर किती परिणाम झाला हे कागदोपत्री सिद्ध करणे कठीण आहे. पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. केंद्रीय विधिमंडळात २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले त्यात एकही ऐकीव गोष्ट नव्हती. सरकारने सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक जाहीर केली होती आणि सभागृहात अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी शिल्लक नाकारली नाही. तिचा आकडा त्यांनी सरकारचाच घेतला. १८९३ मध्ये टाकसाळी बंद केल्यानंतर रुपयाचा विनिमयदर वाढला, त्यामुळे इंग्लंडमध्ये कराव्या लागणाऱ्या खर्चाचा रुपयांतील बोजा हलका झाला. पण बोजा जड असताना वाढवलेले कर तसेच ठेवण्यात आले, हे त्यांनी सरकारच्याच हिशेबांतून दाखविले. दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या देशात ही शिल्लक समृद्धीची खूण नसून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या कराची खूण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

येथे तथ्य सरकारचे होते आणि दृष्टिकोन गोखल्यांचा. साक्षीदाराचे नाव विचारण्याची सोय सरकारला उरली नव्हती. आकड्याचा अर्थ चुकीचा आहे एवढेच म्हणता येत होते, आणि तसे म्हणायचे तर युक्तिवादाला उत्तर द्यावे लागत होते. मिठावरील कर त्या वेळी मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आणण्यात आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. या पद्धतीलाही मर्यादा होतीच. सरकारच्या हिशेबात ज्या गोष्टीचा रकाना होता तिच्याविषयीच अशा रीतीने बोलता येत होते, आणि १८९७ च्या झडत्यांत पुण्याच्या घरांमध्ये काय घडले याचा रकाना कोणत्याच हिशेबात नव्हता.